१६ एमएमने काढलेल्या डोंगररांगेचा पॅनोरमा धड जुळतच नाहीये, काय चुकतंय?

उनाड_ढग:

नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात एका तळ्याच्या काठावरून समोरच्या डोंगररांगेचे फोटो काढले, पॅनोरमा करायचा म्हणूनच काढले, आणि तेव्हापासून डोक्याला नुसता ताप झालाय. कॅमेरा फुलफ्रेम, २४ मेगापिक्सेल, लेन्स १६-३५. मला वाटलं पॅनोरमा म्हणजे जेवढं जास्त मावेल तेवढं बरं, म्हणून सरळ १६ वर ठेवली. कॅमेरा आडवा, लाईव्ह व्ह्यू बघत हात लांब करून, डावीकडून उजवीकडे सहा फ्रेम. ट्रायपॉड होता हो, पण बॅगेतून काढायचा कंटाळा केला. एकूण आवाका दोनशे अंशांच्या आसपास असेल.

आता रडगाणं ऐका. एक तर समोरचा काठ मधोमध खाली लोंबतोय आणि दोन्ही टोकांना वर चढलाय, म्हणजे अख्ख्या डोंगररांगेची झोळी झालीय. आकाशात उभे पट्टे दिसतायत, एक फिका एक गडद, आणि मधे कुठेतरी एकदम काळंनिळं. काठावर माझ्यापासून दोनेक मीटरवर एक मोठा कातळ होता, त्याचे चक्क दोन तुकडे झालेत आणि ते एकमेकांना ओळखत नाहीत. आणि सगळ्यात वाईट म्हणजे प्रत्यक्षात छाताडावर येणारे ते डोंगर फोटोत वारुळाएवढे दिसतायत.

लाईटरूम या फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये पॅनोरमा सपाट पसरवणारं पर्स्पेक्टिव्ह निवडलं तर ते जोडायलाच तयार नाही, नळकांड्यावर गुंडाळल्यासारखं मांडणाऱ्या सिलिंड्रिकलमध्ये जोडलं ते वर सांगितलं तसं. मोड अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी होता (म्हणजे शटरचा वेग दर फ्रेमला कॅमेराच ठरवतो), पोलरायझर म्हणजे चमक कमी करणारा फिल्टर लावलेला होता, फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये आहेत. तिथे परत जाणं इतक्यात तरी शक्य नाही, त्यामुळे आहे त्यातून काही वाचवता येईल का तेवढं सांगा, शिव्या नंतर घाला.


जुना_ट्रायपॉड:

शिव्या कशाला घालायच्या, यातली एकेक चूक आम्ही प्रत्येकाने आपापल्या वेळी केलीय, तुम्ही फक्त सगळ्या एकाच दिवशी उरकल्यात.

आधी वारुळाचं बघू कारण मूळ गोम तिथेच आहे. पॅनोरमासाठी वाइड लेन्स लागते हा समजच उलटा आहे. आवाका फ्रेमांच्या संख्येतून येतो, लेन्सने तो द्यायची गरज नाही, लेन्सने द्यायचा तो बारकावा. समजा ५ किलोमीटरवर ७०० मीटर उंचीचा डोंगर आहे, तो तुमच्या डोळ्याला साधारण ८ अंश उंच दिसतो. १६ एमएम आडवी धरली की फ्रेमची उंची ७४ अंश, म्हणजे तुमचा डोंगर फ्रेमच्या जेमतेम दहाव्या-अकराव्या हिश्श्यात, बाकी सगळं आकाश आणि पाणी. पिक्सेलमध्ये सांगायचं तर पावणेचारशेच्या आसपास. तोच डोंगर ५० एमएमने घेतला असता तर साडेअकराशे पिक्सेल उंच आला असता. जागा तीच, डोंगर तोच, उभं राहणारा माणूसही तोच.

पुढच्या वेळी लेन्स ३५ वर न्या आणि कॅमेरा उभा धरा. उभ्या ३५ ला रुंदी ३८ अंश मिळते आणि उंची ५४, शेजारच्या फ्रेम तीसएक टक्के एकमेकींवर येतील असा ओव्हरलॅप ठेवला तर दोनशे अंशांना आठ फ्रेम पुरतात आणि पॅनोरमा वीस हजार पिक्सेल रुंद होतो. वेगळी ५० असेल तर त्याच हिशोबाने दहा-अकरा फ्रेम होतात. उभा यासाठी की जोडल्यावर कडा वेड्यावाकड्या येतात, त्या कापताना वरखाली जागा हाताशी लागते, आडव्यात ती नसते आणि मग शेवटी एखाद्या शिखराचं टोक उडवावं लागतं. हे मी उडवलेलं आहे, अजून दुखतं.

आता आहे त्याचं. तुमचं एक नकळत चांगलं झालंय. सहा फ्रेममध्ये दोनशे अंश म्हणजे शेजारच्या दोन फ्रेममध्ये वीसएक अंशांचाच फरक, म्हणजे ओव्हरलॅप ऐंशी टक्क्यांच्या घरात. एरवी मी याला उधळपट्टी म्हणालो असतो. पण १६ एमएमच्या कडा मऊ असतात, काळवंडलेल्या असतात आणि ताणलेल्या असतात, आणि तुमच्याकडे दोन टोकं सोडली तर प्रत्येक दिशेसाठी कुठल्या ना कुठल्या फ्रेमचा मधला भाग आहे. तेव्हा मधल्या चार फ्रेमच्या दोन्ही बाजू मास्क करून, म्हणजे झाकून टाका आणि टोकाच्या दोघींची फक्त आतली बाजू, सॉफ्टवेअरला मधलाच माल वापरायला लावा.

पट्ट्यांचं कारण अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी. ढग आला की शटर एक सांगतं, पाणी चमकलं की दुसरंच. लाईटरूममध्ये सगळ्या फ्रेम निवडून मॅच टोटल एक्सपोजर्स करा, व्हाइट बॅलन्स (रंगाची छटा) एकच आकडा टाकून सगळ्यांना सारखा द्या, लेन्स प्रोफाइल चालू करा म्हणजे कोपऱ्यातला अंधार निघेल, हे सगळं जोडायच्या आधी. डीहेझ, म्हणजे धुरकटपणा काढणारी सोय, मात्र आधी लावू नका, ते प्रत्येक फोटो बघून वेगळं वागतं आणि नवे पट्टे पाडतं, ते जोडून झाल्यावर.

आणि पर्स्पेक्टिव्ह जोडत नाही यात त्याची चूक नाही. त्या प्रोजेक्शनमध्ये, म्हणजे गोल दृश्य सपाट मांडायच्या पद्धतीत, सरळ रेषा सरळच राहते पण त्याची किंमत कडांना मोजावी लागते, १२० अंशांच्या पुढे ताण बघवत नाही आणि १८० अंश तर गणितातच बसत नाहीत. डोंगरांना सरळ रेषा असतात कुठे? सिलिंड्रिकलच ठेवा.

कातळाचं मात्र अवघड आहे. त्याला नोडल पॉइंटवर, म्हणजे लेन्समधल्या एका ठरावीक बिंदूभोवती, कॅमेरा फिरवणारं पॅनोरमा हेड (ट्रायपॉडवर बसवायचा जोड) लागतं, ते नसेल तर जवळची वस्तू फ्रेममध्ये घ्यायचीच नाही.


पिक्सेलमोजणारा:

दादा, बाकी सगळं मान्य, पण शेवटच्या वाक्याला माझा आक्षेप आहे. हे हेड नसेल तर पॅनोरमा होत नाही असं वाचून कितीतरी लोकांनी डोंगराचे पॅनोरमा करणंच सोडलंय. शिवाय तो नोडल पॉइंट नव्हे, एन्ट्रन्स प्युपिल. समोरून लेन्समध्ये डोकावलं की अ‍ॅपर्चरचं भोक जिथे असल्यासारखं दिसतं ती जागा. नाव चुकीचं रुळलंय, चालायचंच.

हिशोब करून बघू. हात लांब करून फिरलं की लेन्स आपल्या अंगापासून ४० सेंटिमीटरवर गोल फिरते. वीस अंश वळलात की ती साधारण १४ सेंटिमीटर सरकली. २४ मेगापिक्सेलच्या फुलफ्रेमवर १६ एमएमला एक रेडियन (कोन मोजायचं एकक, सुमारे ५७ अंश) म्हणजे सुमारे २६७० पिक्सेल. कातळ २ मीटरवर, म्हणजे मागच्या दृश्याच्या तुलनेत तो १८५ पिक्सेल हलला. म्हणून दोन तुकडे. समोरच्या काठावरची झाडं ३०० मीटरवर धरा, ती सव्वा पिक्सेल हलली. आणि ५ किलोमीटरवरचा डोंगर? पिक्सेलच्या दहाव्या भागापेक्षाही कमी. डोंगराला तुमच्या हेडशी काही देणंघेणं नाही.

म्हणजे काय करायचं, तर व्ह्यूफाइंडर डोळ्याला लावायचा, कोपर अंगाशी घट्ट, आणि स्वतःभोवती कॅमेरा फिरवण्याऐवजी कॅमेऱ्याभोवती स्वतः फिरायचं. लेन्सच्या बरोब्बर खाली जमिनीवर एखादा खडा ठेवा आणि पावलं त्याच्या भोवतीने टाका, लोक बघतात, बघू देत. एवढ्याने सरकणं १४ वरून ३-४ सेंटिमीटरवर येतं. हेड तेव्हाच लागतं जेव्हा जवळचा दगड किंवा कुंपण फोटोत हवंच आहे आणि ते नेमकं जोडावर येतंय. तेही आलं तर सोपी पळवाट आहे, कातळ अख्खा एका फ्रेमच्या मधोमध येईल असं बघा आणि जोड त्याच्या बाहेर पडू द्या.


कातळफूल:

उनाड_ढग, तुमच्या कातळालाही हाच उपाय लागू पडतो, मी हगिन नावाच्या पॅनोरमा जोडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये असं बऱ्याचदा केलंय. मोफत आहे, दिसायला रुक्ष आहे, पहिल्या दिवशी रडवतं आणि दुसऱ्या दिवसापासून हात सोडत नाही. १९९८ मध्ये हेल्मुट डेर्श यांनी लिहिलेल्या पॅनोरमा टूल्सवर ते उभं आहे, त्यामुळे बटणांची नावं प्राध्यापकी वाटली तर तो दोष माझा नाही.

मास्कच्या टॅबमध्ये ज्या एका फ्रेममध्ये कातळ अख्खा आणि मधे आहे तिथे त्याच्याभोवती हा भाग ठेवाच असा मास्क काढा. बाकी फ्रेममधला कातळ मग आपोआप गळतो. कातळाच्या कडेला पाणी आणि वाळू असेल तर जोड लपून जातो, दुसरा दगड असेल तर शेजारचा तुकडा वर चिकटवून थोडं क्लोन करावं लागेल. पण त्याआधी कातळावर पडलेले सगळे कंट्रोल पॉइंट, म्हणजे दोन फ्रेममधल्या सारख्या जागांच्या खुणा, उडवा! तेच तर सगळा घोळ करतात. सॉफ्टवेअरला कातळ खूप आवडतो कारण त्याला भेगा, कोपरे, शेवाळ असतं. नितळ आकाश आणि कोरा बर्फ यात त्याला पकडायला काहीच सापडत नाही, म्हणून ते कातळावर डल्ला मारतं आणि मग कातळ जुळवायच्या नादात डोंगर सरकवतं. पॉइंट फक्त लांबच्या गोष्टींवर हवेत, म्हणजे शिखरं, घळी, समोरच्या काठावरची झाडं. ढगांवरचेही काढा, ते तुम्ही फिरत होता तेवढ्यात पुढे गेलेले असतात. हगिनमध्ये त्यासाठी सेलेस्ट नावाची सोय आहे, ती ढगांवरचे पॉइंट ओळखून काढते, पण डोंगरावर धुकं असेल तर तेही ढग समजते तेव्हा एकदा नजर टाका.

आता झोळी. तुम्ही शिखरं नीट यावीत म्हणून कॅमेरा थोडा वर रोखला होता ना? सॉफ्टवेअरला ते माहीत नसतं, त्याला वाटतं मधली फ्रेम समपातळीत आहे. मग मधलं क्षितिज खाली आणि बाजूची वर. कॅमेरा खाली रोखला असता तर उलट, कमान झाली असती. म्हणजे जोड चुकलेले नाहीत, फक्त सगळ्याला मिळून किती कलायचंय ते त्याला सांगायचं राहिलंय. समुद्र असता तर क्षितिजाची रेघ दाखवून भागलं असतं, डोंगरात ती नसते, आणि उताराला क्षितिज समजून सरळ केलं की पाणी तिरकं होतं.

पण तुमच्याकडे तळं आहे! पाणी स्थिर होतं का? शिखराचं टोक आणि त्याच पाण्यातलं प्रतिबिंब ही दोन्ही एकाच ओळंब्यात असतात, कुठूनही बघा. तर कंट्रोल पॉइंटच्या टॅबमध्ये डावीकडे आणि उजवीकडे तीच फ्रेम घ्या, एकीकडे शिखराचं टोक पकडा, दुसरीकडे त्याचं प्रतिबिंब, आणि प्रकार उभी रेषा असा निवडा. अशा तीन-चार जोड्या द्या, एक डाव्या टोकाला, एक मधे, एक उजव्या टोकाला, मग ऑप्टिमाइझ करा. झोळी आपोआप वर येते. पहिल्यांदा केलं तेव्हा मी खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या होत्या.

प्रतिबिंब मोडकं असेल तर समोरचा लांबचा काठ आडवी रेषा म्हणून चालून जातो, तुम्ही पाण्यापासून दीड मीटर उंच होता आणि काठ ३०० मीटर लांब, म्हणजे खऱ्या क्षितिजाच्या पाव-एक अंश खाली. बाजूचा जवळ येत जाणारा काठ मात्र घेऊ नका, तो खरोखरच खाली उतरत येतो आणि त्याला सरळ करायला गेलात की पुन्हा झोळी.


जुना_ट्रायपॉड:

प्रतिबिंबाचं मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. मी आपला झाडांचे बुंधे शोधत बसायचो आणि डोंगरावरची झाडं काही सरळ उभी राहत नाहीत. लिहून ठेवतो. आणि पिक्सेलराव, हेडचं तुमचं बरोबर, माझ्याकडे आहे म्हणून मला ते सगळीकडे दिसतं.

फक्त ट्रायपॉडवरून करणाऱ्यांसाठी एक सांगतो, बॉलहेडवर कॅमेरा समपातळीत आणून खालच्या चकतीवर फिरवू नका, पातळीचा बुडबुडा बघत ट्रायपॉडचे पायच समपातळीत आणायचे. चकती तिरकी असेल तर पहिली फ्रेम सरळ दिसते आणि चौथ्या फ्रेमपर्यंत कॅमेरा दरीत बघायला लागतो.


वाऱ्यावरची_फ्रेम:

सगळे मिळून १६ एमएमच्या मागे लागलात, जरा तिची बाजू घेतो. ३५ ने आठ फ्रेम काढेपर्यंत ढगांची सावली डोंगरावरून धावून जाते, मग पहिल्या फ्रेममधला उतार उन्हात आणि त्याच उताराचा दुसऱ्या फ्रेममधला भाग सावलीत, हे कुठलंही ब्लेंडिंग झाकू शकत नाही. अशा वेळी वाइड उभी धरून चार-पाच फ्रेममध्ये काम उरकणं शहाणपणाचं. दुसरं म्हणजे अरुंद खोऱ्यात उभे असाल, पायाखाली दरी आणि डोक्यावर कडा, तिथे ५४ अंश उंची पुरत नाही, मग एकतर दोन ओळींचा पॅनोरमा करा नाहीतर वाइड काढा. दोन ओळी करून बघितल्यात का कधी हातात धरून? एक तरी भोक राहतंच, आणि ते नेमकं आकाशात नसून शिखरावर असतं.

वाइडमध्ये ओव्हरलॅप मात्र चाळीस-पन्नास टक्के ठेवा, तीसने कडा कडेला जुळवावी लागते आणि १६ च्या कडेला दगडाची लेन्समुळे वेगळीच वस्तू झालेली असते. ढग कुठल्या दिशेने चाललेत ते बघून त्यांच्या उलट दिशेने फ्रेम घ्यायच्या, बरोबर चाललात तर एकच ढग तीन ठिकाणी येतो.

आणि पोलरायझरचं कोणी बोललंच नाही. तुमचं ते मधलं काळंनिळं म्हणजे तोच. आकाशातला प्रकाश सूर्यापासून ९० अंशांवर सगळ्यात जास्त पोलराइज झालेला असतो, दोनशे अंशांच्या फोटोत तो पट्टा येणारच, एका १६ एमएमच्या फ्रेममध्येसुद्धा दिसतो. याला मॅच एक्सपोजर काही करणार नाही कारण तो एक्सपोजरचा फरक नाहीये. जोडून झाल्यावर ग्रेडियंटने तेवढ्या आकाशाची निळाई उचलायची, थोडं सुधारेल, पूर्ण जाणार नाही.


उनाड_ढग:

एवढं सगळं मिळेल असं वाटलं नव्हतं, मनापासून आभार. दोन रात्री बसलो. हगिनने पहिल्या दिवशी रडवलं, कातळफूलताई, तुमचा शब्द खरा.

एक्सपोजर आणि व्हाइट बॅलन्स सारखे करून १६ बिट टिफ काढल्या, कातळावरचे पॉइंट मोजले तर शंभरातले साठ तिथेच! ते उडवले, ढगांवरचे सेलेस्टने काढले, उरले ते बघून आधी वाटलं आता काही जुळणार नाही, तर उलट सरासरी चूक ९ पिक्सेलवरून दीडवर आली. पाणी सकाळचं होतं, डाव्या बाजूला थोडं हललं होतं पण मधे आणि उजवीकडे प्रतिबिंब काचेसारखं, तीन जोड्या मिळाल्या. ऑप्टिमाइझ दाबलं आणि झोळी सपाट. मीही टाळी वाजवली, घरचे बघायला आले.

कातळ एका फ्रेममधून घेतला, जोड वाळूत गेला. पोलरायझरचा पट्टा ग्रेडियंटने निम्मा गेला, मग कंटाळून दोनशे अंशांतले सव्वाशेच ठेवले, पट्टा निघून गेला आणि गंमत म्हणजे वरचं आकाश आणि खालचं पाणीही कापल्यावर डोंगर बरेच मोठे वाटायला लागले. पॅनोरमा सहा हजारांच्या आतच पिक्सेल रुंद उरला पण असू दे. लाईटरूममध्ये कडा भरायला बाउंड्री वार्प करून बघितलं, तर ज्या शिखरांसाठी एवढं केलं तीच वाकडी झाली, काढून टाकलं.

एकच राहिलंय. जिथे दोन फ्रेम पाण्यात भेटतात तिथे लाटांचा पोत एकदम बदलतो, एकीकडे काच आणि एकीकडे खवले. एन्ब्लेंड या फ्रेम मिसळणाऱ्या प्रोग्रॅमने रंग छान मिसळलाय पण पोत दिसतोच.


कातळफूल:

ते दिसणारच. एन्ब्लेंड ढोबळ रंग लांबवर पसरवून मिसळतं आणि बारीक पोत अगदी अरुंद पट्टीत, ही पद्धत बर्ट आणि एडलसन यांची १९८३ची, आकाशासाठी ती सोन्यासारखी पण हललेल्या पाण्याला तिच्याकडे उत्तर नाही. जोड पाण्याच्या मधून जाऊच देऊ नका. सव्वाशे अंशच ठेवलेत ना, मग मधल्या दोन फ्रेमना पाण्यावर ठेवाच मास्क द्या आणि दोघींमधला जोड कातळाच्या मागून न्या, म्हणजे काच आणि खवले यांच्यामधे कातळ येईल. टोकाला थोडं मऊ पाणी येईल तेवढं येऊ दे, पाण्यात कोण बघतंय.


पिक्सेलमोजणारा:

मी बघतो. पण करा तसंच.


उनाड_ढग:

केलं. जोड कातळामागे गेला, आता मलाच सापडत नाहीये. डाव्या टोकाच्या प्रतिबिंबात एका शिखराला दोन टोकं आहेत, ती आत्ता दिसली, ती तशीच ठेवतोय.